अदपाव फेरा

माझ्या भावाला ट्रॅकवर सगळे अंगठेबहाद्दर म्हणायचे. ज्याचं अक्षर छापल्यासारखं, जो वर्तमानपत्र पहिल्या पानावरच्या नावापासून शेवटच्या पानाच्या तळाशी असलेल्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायचा, त्याला अंगठेबहाद्दर! मला राग यायचा. मला तसा बऱ्याच गोष्टींचा राग येतो, आमच्या घरात ते सगळे धरूनच चालतात. दादाला मात्र ते नाव आवडायचं. कुणी तशी हाक मारली की दोन्ही अंगठे वर करून दाखवायचा.

नाव पडलं ते असं. रिमोटच्या गाडीची मागची दोन चाकं तो दोन अंगठ्यांखाली धरायचा, डोळे मिटायचा, चाकं सावकाश उलटसुलट फिरवायचा आणि म्हणायचा, "वाळू लागतेय." म्हणजे आतल्या बारा छऱ्यांपैकी एखादा झिजला आहे. एकदा ट्रॅकवरच्या दोन टवाळांनी मुद्दाम अकरा नवे छर्रे आणि एक जुना घालून गाडी त्याच्यापुढे ठेवली. छर्रे ज्वारीच्या दाण्याहून लहान, आणि जुना डोळ्यांना अगदी नव्यासारखाच दिसणारा. दादाने अर्धं मिनिट चाकं फिरवली आणि म्हणाला, "अकरा चांगल्या घरचे आहेत. एकाला हाकला." त्या दिवसापासून ते दोघं त्याच्या पाया पडायचेच बाकी राहिले होते.

तो मूळचा वजनकाट्यांचा कारागीर. एकतीस वर्षं एकाच कारखान्यात सोनारांचे आणि प्रयोगशाळांचे काटे लावले. काट्याचा दांडा ज्या पोलादी धारेवर तोललेला असतो, ती धार तो बोटाच्या पोटाने तपासायचा. मालक भिंग पुढे करायचे, दादा ते बाजूला सारायचा. काटा बरोबर लागला की त्यावर शिशाचा शिक्का बसवायचा, आणि तो शिक्का दादाच्याच हातचा. दुरुस्तीला परत आलेल्या काट्याचा शिक्का मधल्या काळात कुणी खोलून पुन्हा बसवला असेल, तर दादा तो दारातून आत येतानाच ओळखायचा. "दुसऱ्याचा शिक्का मोडणं म्हणजे त्याच्या तोंडचा शब्द बदलणं," असं म्हणायचा. हे त्याचं म्हणणं मी शंभरदा ऐकलं होतं आणि नेमकं नको तेव्हा विसरले.

पुढे आकडे दाखवणारे काटे आले आणि कारखान्याचं शटर खाली आलं. दादा तेव्हा चौपन्न वर्षांचा. पहिला महिना त्याने घर दुरुस्त करण्यात घालवला. दारांच्या बिजागऱ्या, कपाटाचे खण, पंखा, वहिनीच्या शिलाई मशीनचं पायडल, सगळ्यांची कुरकुर त्याने बंद केली. त्यानंतर घरात फक्त वहिनी कुरकुरायची, की हा माणूस दिवसभर पायात येतो. मी वरच्या मजल्यावर राहते. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे सांगत बसत नाही. रोज कामावरून येताना मी खाली डोकावायची, तर दादा खिडकीपाशी खुर्चीत बसलेला असायचा आणि हाताचं पहिलं बोट अंगठ्यावर घासत असायचा. पुन्हा पुन्हा. मला ते बघवायचं नाही.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर रिमोटच्या गाड्यांचं दुकान आहे. मुलांच्या खेळण्यांचं नव्हे, मोठ्या माणसांच्या खेळण्यांचं. तो दुकानदार एकदा बारीक चिमटा मागायला वर आला आणि हातातला भाग दादाच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "काका, या डिफपुढे मी हात टेकले बघा."

दादाने तो उघडला आणि जेवायला उठला नाही.

डिफ म्हणजे डिफरन्शिअल. मला दादाने समजावलं तसंच सांगते. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं आणि आतल्याला कमी. दोघांना एकाच दांड्याला जखडलं तर गाडी वळायचं नाव घेत नाही, सरळ भिंतीवर जाते. म्हणून दोघांच्या मधे हा डिफ. मोठ्या गाडीत आत दातांची चाकं असतात. या लहान गाड्यांत प्लॅस्टिकच्या एका दातेरी चाकाला गोल बारा भोकं, प्रत्येक भोकात एक छर्रा, आणि दोन्ही बाजूंनी दोन पोलादी चकत्या दाबून धरलेल्या. आरपार एक लांब स्क्रू, त्याच्या टोकाशी स्प्रिंग. स्क्रू आवळला की चकत्या छऱ्यांना घट्ट धरतात, सैल केला की छर्रे घसरतात. फार घट्ट झाला तर गाडी वळत नाही. सैल राहिला तर वेग घेताना आतल्या आत घसरतो, कुत्र्याच्या पिल्लासारखा केकाटतो, आणि तसाच पळवला तर छर्रे तापून प्लॅस्टिक वितळतं.

"म्हणजे तुझा काटाच झाला की हा," मी म्हणाले.

"काटाच," दादा म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू दिसलं.

महिन्याभरात आजूबाजूचे सगळे गाडीवाले त्याच्याकडे यायला लागले. टेबलावर पांढरा टॉवेल अंथरलेला, म्हणजे छर्रा पडला तर घरंगळू नये. चकत्या काचेवर ठेवलेल्या ओल्या पॉलिश पेपरवर घासायच्या, इंग्रजी आठचा आकडा काढत, आणि एका बाजूने आठ झाले की दुसऱ्या बाजूने तेवढेच. छर्रे चिमट्याने मोजून ठेवायचे. मोठ्या छऱ्यांना पारदर्शक ग्रीस, स्क्रूच्या टोकाशी असलेल्या अगदी बारीक छऱ्यांना काळं. दोन्हींची अदलाबदल झाली तर सगळी मेहनत वाया. मग स्क्रू. थोडा आवळायचा, चाकं फिरवायची, पुन्हा थोडा आवळायचा. स्प्रिंग पूर्ण दबल्याचं बोटाला कळलं की तिथून अदपाव फेरा मागे. अदपाव म्हणजे पावाच्या निम्मा, अष्टमांश. वजनाचा माणूस, तो दुसरा कुठला शब्द वापरणार? हा अदपाव मोजून होत नाही. तो अंगठ्यांनाच कळावा लागतो.

आणि सगळं झालं की शिक्का. वहिनीची लाल नेलपॉलिशची बाटली त्याने ढापली होती. आगकाडीच्या टोकाने स्क्रूच्या डोक्यापासून बाजूच्या कपापर्यंत, म्हणजे चाकाचा दांडा ज्या वाटीत अडकतो तिथपर्यंत, एक बारीक रेघ ओढायचा. स्क्रू तसूभर हलला तरी रेघ तुटणार. वहिनी म्हणाली, "एकतीस वर्षांत मला कधी एक बाटली आणून दिली नाही, आणि माझीच घेऊन बसलाय." तरी बाटली संपायच्या आत ती गुपचूप दुसरी आणून ठेवायची.

दुकानदाराने एक जुनी गाडी खोक्यात घालून दादाला दिली. दादाने ती उभी केली आणि माझ्या हातात रिमोट ठेवला.

"चिमे, तू चालव. मला घाई जमत नाही."

मी त्रेचाळीस वर्षांची, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत सकाळपासून लोकांच्या शिरा शोधणारी बाई. पण हात स्थिर आहेत आणि डोकं गरम आहे, शर्यतीला आणखी काय लागतं? दर रविवारी सकाळी आम्ही बंद गोदामामागच्या ट्रॅकवर जायचो. दादा जाळीला लागून घडीच्या खुर्चीवर. मला सगळे मावशी म्हणतात, त्यात माझ्यापेक्षा पांढऱ्या केसांचे दोघे आहेत. पाच वर्षांत आम्ही सात वेळा पहिले आलो. घरी आल्यावर दादा बक्षिसाचा कप खुशाल पेला म्हणून वापरायचा.

मग ती सुईची गोष्ट झाली.

दादाला साखरेचा त्रास जुना. दर महिन्याला मीच घरी त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घ्यायची. त्या शनिवारी तो ट्रॅकवरची कसलीतरी गंमत सांगत होता. मी त्याचं बोट धरलं, टोचलं, थेंब पट्टीवर घेतला, कापूस लावला. तो बोलतच होता. मग मधेच थांबून माझ्याकडे बघत म्हणाला, "टोच ना आता. किती वेळ धरून बसणार?"

त्याला सुई लागलेली कळलीच नव्हती. वीस वर्षांत लहान मुलं पाहिली, पैलवान पाहिले, सुई लागली की प्रत्येकाचं बोट हलतं. मी म्हणाले, "झालं रे, कधीच झालं." तो म्हणाला, "तुझा हात हलका झालाय." आणि राहिलेली गंमत सांगायला लागला.

दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर पहिल्याच वळणातून बाहेर पडताना आमची गाडी केकाटली. मी घसा साफ केल्यासारखं केलं, जणू माझ्या खोकल्याने तो आवाज झाकला जाणार होता. जाळीपलीकडे दादाची मान वर झाली. मी गाडी लगेच बाहेर घेतली आणि ओरडून सांगितलं, "बॅटरीची वायर निघाली!" गोदामाच्या मागच्या भिंतीआड गेले, शिक्क्याची रेघ सुईने खरवडली आणि कपातून किल्ली घालून स्क्रू आवळला. शिरा शोधणाऱ्या बोटांना थोडंफार कळतं. पण अदपाव कुठला कळायला, मी चांगला पाव फेरा आवळला. त्या दिवशी गाडी प्रत्येक वळणावर सरळ बाहेर जात होती. दादा एवढंच म्हणाला, "आज जरा जास्तच आवळला गेला माझ्याकडून."

मी सोमवारी बाजारातून लाल नेलपॉलिशची बाटली आणली. आयुष्यात कधी लावलं नव्हतं. दुकानातली मुलगी विचारत होती, कुठली छटा? मी म्हणाले, लाल म्हणजे लाल.

त्यानंतर दर रविवारी हेच. दादा शनिवारी डिफ लावायचा, शिक्का मारायचा. मी रविवारी शर्यतीआधी भिंतीआड जायची, त्याचा शिक्का मोडायची, स्क्रू लावायची आणि माझा शिक्का मारून फुंकर घालत वाळवायची. हळूहळू मला जमायला लागलं. आम्ही पुन्हा जिंकायला लागलो. दादा अंगठे वर करायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. मी त्याला ताकास तूर लागू देत नव्हते, याचा मला अभिमान वाटायचा. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्याच सुमाराला दादाने लोकांच्या गाड्या घेणं बंद केलं. दुकानदार वर आला की म्हणायचा, "वेळ नाही." दिवसभर खिडकीत बसणाऱ्या माणसाला वेळ नाही! ते दोन टवाळ एकदा शर्यतीच्या आदल्या दिवशी काकुळतीला येऊन गेले, तरी हा ढिम्म. मी चिडले.

"डोक्यात हवा गेलीय तुझ्या. एवढे कप आले म्हणून लोकांना दारातून परत पाठवतोस?"

"तसं समज," तो म्हणाला.

"मग काय समजू?"

"तुझी गाडी लावतोय ना? तेवढी पुरे."

मी आठ दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

आणखी एक गोष्ट बदलली होती. पूर्वी डिफ लावताना तो एक अक्षर बोलायचा नाही. आता तोंडाचा पट्टा सुरू असायचा. "हे बघ, चकती फिरवताना कडेला बोट लावायचं नाही. काळं ग्रीस एवढंच, मोहरीएवढं. स्प्रिंग दबली की स्क्रू जड होत नाही, मुका होतो. तिथे थांबायचं." मी समोर बसून चहा पीत ऐकायची. म्हटलं, म्हातारा बडबड्या झाला.

त्याच्या हातून वस्तू पडायला लागल्या होत्या. चिमट्यातून छर्रा सुटायचा, स्क्रू टेबलावरून खाली जायचा. वहिनी दोरीला लोहचुंबक बांधून जमिनीवर रांगायची, आणि म्हणायची, "रांगायच्या वयात रांगले नाही एवढं आता रांगवलंस." तेही मी हसत बघायची. माझा धंदा काय? मला पाठ आहे की साखरेच्या माणसाचे हात बधिर व्हायला लागले, म्हणजे पाय त्याच्या कितीतरी आधी बधिर झालेले असतात. रोज वीस माणसांना मी सांगते, तळपाय बघत जा, बूट झटकून घाला. परक्या माणसांना सांगते. दादाला सांगितलं नाही. कारण पायांचं काढलं की हातांचं निघणार, आणि हातांचं निघालं की टेबल, टॉवेल, चिमटा, सगळं उचलून ठेवावं लागणार. मग तो पुन्हा खिडकीत बसून बोटावर बोट घासणार. एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं. म्हणून मी दोन वर्षं मूग गिळून गप्प बसले.

एका शनिवारी असाच एक बारीक स्क्रू पडला. वहिनीने खोलीभर चुंबक फिरवलं, सापडला नाही. दादा म्हणाला, "जाऊ दे, मिळेल कधीतरी." दुसरा स्क्रू घालून त्याने काम पुरं केलं.

तो स्क्रू मिळाला नऊ दिवसांनी. दादा घरीदारी घालायचा त्या जुन्या कापडी बुटात, उजव्या अंगठ्याखाली. नऊ दिवस तो त्यावर चालत होता. जिना चढत होता, ट्रॅकवर येत होता, आणि त्याला पत्ता नव्हता. वास आला म्हणून वहिनीने बूट काढायला लावला आणि मला हाक मारली. तिची ती हाक अजून कानात आहे. मी पाय हातात घेतला आणि पाहिलं. बूट परत घातलाच नाही, तसाच त्याला रिक्षात बसवला.

दवाखान्यात आधी अंगठा काढला. शुद्धीवर आल्यावर दादा पांघरुणाकडे बघत म्हणाला, "आता निम्माच बहाद्दर राहिलो." वहिनी हसली आणि बाहेर जाऊन जिन्यात बसली. मग जखम वर चढायला लागली. औषधं बदलली, डॉक्टर बदलले, आणि आम्हाला उत्तर देताना ते आमच्याऐवजी कागदाकडे बघायला लागले.

एके दुपारी दादा म्हणाला, "डिफ आण. रविवार जवळ आला."

"आता कसला रविवार?"

"आण म्हटलं ना."

मी सगळं आणलं. जेवणाचं सरकतं टेबल त्याच्या पुढ्यात ओढलं, टॉवेल अंथरला. नर्स येऊन बघून गेली. दादाने चकत्या घासल्या. बारा छर्रे भोकांत बसवायला त्याला तासाच्या वर लागला. चार वेळा छर्रा सुटला, चारही वेळा टॉवेलवरच राहिला. मी हात पुढे केला की म्हणायचा, "थांब." मग स्क्रू. थोडा आवळायचा, अंगठे ठेवायचे, डोळे मिटायचे. अंगठ्यांना काही कळत नव्हतं, ते त्याच्या कपाळावर दिसत होतं. तो वाट बघत होता. शेवटी त्याने डोळे उघडले, किल्ली खाली ठेवली आणि नेलपॉलिशची बाटली माझ्याकडे सरकवली.

"शिक्का तू मार."

"का? मार ना तूच."

"दोन वर्षं तूच मारतेयस की."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. तो माझ्याकडे शांत बघत होता, जरासा मिस्कील.

"कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्याच रविवारी. घरी आल्यावर गाडी पुसायला घेतली, तर शिक्का खरवडलेला. पुढच्या रविवारी तुझी रेघ. मी रेघ वरून खाली ओढतो. तुझी खालून वर गेलेली. आणि तुझ्या लाल रंगात गुलाबी झाक आहे, तुझ्या वहिनीच्या बाटलीत नाही." मग म्हणाला, "एकतीस वर्षं काय केलं गं मी?"

"मग बोलला का नाहीस?"

"सुई टोचून झाली होती, ते तू बोललीस?"

तेही त्याला कळलं होतं.

"आणि लोकांची कामं बंद केलीस ती..."

"त्यांची गाडी भिंतीआड नेऊन कोण लावणार होतं? तू प्रत्येकाच्या मागे थोडीच जाणार होतीस? सैल डिफ लावून दिला असता, त्यांचे छर्रे जळले असते." त्याने टॉवेलची चुणी सारखी केली. "तुझी तू बघून घेणार, हे माहीत होतं. म्हणून तेवढी ठेवली. माणसाच्या हातात काहीतरी पाहिजे की नाही?"

"आणि ती बडबड? मला शिकवत होतास?"

"छे. गप्प बसवत नव्हतं." डिफ माझ्याकडे सरकवत म्हणाला, "आलं मात्र तुला. शेवटचे सहा महिने तर माझ्याहून चांगला लावतेस."

मी रडायला लागले. मी रडते तेव्हा फार वाईट दिसते आणि मला स्वतःचा फार राग येतो. म्हणाले, "दादा, मी पायाचं तरी बोलायला हवं होतं. मला माहीत होतं रे. मला सगळं माहीत होतं."

"मलाही मुंग्या येत होत्या चार वर्षं. मी कुठे सांगितलं?" त्याने माझ्या हातावर हात ठेवला. जड होता हात, कुठे ठेवलाय ते त्याला बघूनच कळत असणार. "आपण दोघं एकमेकांची मनं सांभाळत बसलो गं. पाय राहिला बाजूला."

हे तो मला दोष देऊन बोलला असता, तर मी भांडले असते. भांडण मला जमतं. तो तसं बोलला नाही.

मी नाक पुसलं, आगकाडी बाटलीत बुडवली आणि रेघ ओढायला गेले. तो एकदम खेकसला.

"न बघता शिक्का मारतात का? आधी फिरवून बघ!"

मी अंगठे ठेवले. दोन्हीकडचे कप उलटसुलट फिरवले. मऊ फिरत होतं, वाळूचा कण लागत नव्हता. मग दोन्ही बाजू घट्ट धरून मधलं दातेरी चाक ढकललं, तर ते सुळकन घसरलं.

"कसाय?"

दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्याला खरं सांगितलं. "सैल आहे दादा."

"किती?"

"अदपाव."

त्याने मान हलवली, कुणी बरोबर वजन सांगितलं की हलवायचा तशी. "मग आवळ."

"नाही," मी म्हणाले. "हा तू लावलायस." आणि तसाच शिक्का मारला, वरून खाली. रागावेल असं वाटलं, पण त्याने उशीला डोकं टेकलं आणि म्हणाला, "हट्टी आहेस," आणि मग, "तुझ्या वहिनीला चहा पाज. सकाळपासून काही पोटात गेलेलं नाही तिच्या."

त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी, सकाळी, वहिनी त्याचे केस विंचरत असताना दादा गेला.

आता ते टेबल माझ्या खोलीत आहे. दुकानदार गाड्या आणून देतो, मी लावते. सुरुवातीला मलाही वेळ नाही म्हणावंसं वाटायचं, पण वहिनी म्हणाली, "घे. आवाज राहतो घरात." ती समोर बसते आणि चुंबकाची दोरी मांडीवर ठेवते. प्रयोगशाळेत मी आता लोकांना नुसतं सांगत नाही, बूट काढायला लावते. काही जण चिडतात. चिडू देत.

दादाचा शेवटचा डिफ खणात, टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळलेला आहे. पळवला तर छर्रे जळतील. आवळला तर तो माझा होईल, त्याचा राहणार नाही. रविवारी ट्रॅकवरून आले की मी तो काढते, दोन अंगठ्यांमध्ये धरते आणि डोळे मिटून फिरवते. शिक्का अजून जशाच्या तसा आहे. फार सुरेख फिरतो. फक्त धरत नाही.